आधारची झेरॉक्स किती हातांत?



बिशानला आमच्या घराजवळच्या मॉलमध्ये पूर्वी साध्या सोडतीच्या चिठ्ठीवरही ओळखपत्राचा क्रमांक लिहावा लागे. आम्ही निमूटपणे लिहायचो. 1 सप्टेंबर 2019 पासून सिंगापूरने खासगी संस्थांच्या या सवयीला आळा घातला. तरीही डिसेंबर 2024 मध्ये कंपनी नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर लोकांचे पूर्ण क्रमांक कुणालाही दिसतात हे उघड झाले आणि गदारोळ उडाला. तेव्हा सरकारने जे सांगितले ते मला पटते : क्रमांक म्हणजे नुसते नाव, कुलूप नव्हे. दहा जणांना ठाऊक असलेल्या आकड्यावर कुणी कर्ज देत असेल, तर चूक देणाऱ्याची.

हे आठवायला कारण माझी मावसबहीण. 2021 मध्ये तिचे दीर आणि जाऊ, दोघेही कोविडने गेले. त्यांची दोन मुले तिच्याकडेच वाढताहेत. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेचे पैसे (आता मुलामागे दरमहा 2,250 रुपये) त्यांना मिळतात. योजना चांगली आहे, वादच नाही. पण मुलांच्या आधारची, पासबुकाची, मृत्यूच्या दाखल्यांची झेरॉक्स किती ठिकाणी दिली हे आता तिलाही सांगता येत नाही. तुमच्याआमच्या मुलांची कागदपत्रे घरच्या कपाटात असतात. या मुलांची फाईल संस्था, समिती, कार्यालय, शाळा अशी गावभर हिंडते.

अमेरिकेत या दुखण्याचे निदान आधी झाले. तिथे मुलाच्या सोशल सिक्युरिटी क्रमांकावर कुणीतरी, कधी नातेवाईकच, कर्ज काढतो. लहान मुलाची पत कोण तपासणार? अठराव्या वर्षी घर भाड्याने घेताना सारे उघड होते. म्हणून 2011 च्या कायद्याने सरकारी देखरेखीतील 16 वर्षांवरील मुलांची पतनोंद दरवर्षी तपासणे आणि चुका निस्तरायला मदत करणे राज्यांवर बंधनकारक केले. 2014 मध्ये ही वयोमर्यादा 14 वर आणली.

आपल्याकडे अल्पवयीनाचा करारच कायद्याने रद्दबातल, त्यामुळे चोरीची तऱ्हा वेगळी. माझ्या मते खरा धोका अठरा पूर्ण होतात त्या दिवसापासून : भलत्याने घेतलेले सिम, भलत्याच्या ताब्यातले बँक खाते. बाल न्याय कायद्याचे (2015) कलम 74 अशा मुलाचे नाव वर्तमानपत्रात छापू देत नाही. झेरॉक्सच्या गठ्ठ्याबद्दल मात्र ते काही बोलत नाही.

बाल कल्याण समितीने मूल योजनेतून बाहेर पडताना त्याच्यासोबत बसून तासभर तपासणी केली तरी पुष्कळ होईल. आपल्या नावावर किती मोबाइल आहेत हे 'संचार साथी'वर कळते, पतअहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, आधारचा वापर कुठे झाला तेही पाहता येते. अठरा झाल्यावर सहा महिन्यांत आधार रद्द करून घेण्याचा हक्क 2019 च्या दुरुस्तीने दिला आहे. तो या मुलांना सांगतो कोण?

आपल्यापैकी बरेच जण गावाकडच्या बालसंस्थांना देणग्या पाठवतात. पुढचा चेक लिहिताना मुलांच्या फायली कुठे ठेवता, कुलूप आहे का, हेही विचारा. मी बहिणीला सुचवले होते, प्रत्येक झेरॉक्सवर आडवे लिही : 'फक्त बालसंगोपनासाठी', खाली तारीख. तिने लिहिले. खिडकीवरचे साहेब म्हणाले, "ताई, खाडाखोड चालत नाही, कोरी आणा."