शत्रूच्या दप्तरातली साक्ष

बायबल म्हणजे दंतकथांचा गठ्ठा, लिहिणारे पक्षपाती आणि पुढच्या नकलकारांनी मजकूर हवा तसा फिरवलेला, हा आक्षेप जुनाच आहे. धर्मग्रंथ आहे म्हणून त्यातला इतिहास खरा, हे त्यावरचे उत्तर नव्हे. पण आक्षेप घेतला म्हणजे तो सिद्ध झाला, असेही नाही. तो तपासायचा तर नकलकारांना जो कधी दिसलाच नाही आणि ज्याला बायबलची बाजू घेण्याचे काही कारण नव्हते, असा साक्षीदार हवा. एका स्वारीपुरता तो मिळाला आहे. यहूदाचा राजा हिज्कीया याने अश्शूरचे मांडलिकत्व झुगारले आणि इ.स.पू. ७०१ मध्ये सम्राट सन्हेरीब फौज घेऊन त्याच्यावर चालून आला.

बायबलमधील राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचा अठरावा अध्याय सांगतो की, सन्हेरीबाने यहूदाची तटबंदीची नगरे घेतली. हिज्कीयाने सन्हेरीब होता त्या लाखीश नगराला निरोप धाडून चूक कबूल केली आणि तीनशे किक्कार (वजनाचे प्राचीन माप) चांदी व तीस किक्कार सोने खंडणी म्हणून मान्य केले. ती भरताना मंदिराच्या दारांवरचे सोनेही काढून द्यावे लागले. आता शत्रूचे दप्तर पाहू. सन्हेरीबाच्या स्वाऱ्यांचा वृत्तान्त कोरलेला भाजक्या मातीचा षट्कोनी स्तंभ १८३० मध्ये निनवे या अश्शुरी राजधानीच्या अवशेषांत मिळाला. जेमतेम ३८ सेंटिमीटर उंचीचा हा स्तंभ आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात यहूदाची ४६ नगरे घेतल्याची नोंद आहे, हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखे कोंडल्याची बढाई आहे आणि खंडणीचे सोने आहे तीस किक्कार. लाखीशचे नाव मात्र त्यात नाही. ते सापडले सन्हेरीबाच्या राजवाड्याच्या भिंतीवर. पुरातत्त्वज्ञ लेयार्ड यांनी उकरून काढलेल्या तिथल्या शिल्पपटात तटावर चाल करून जाणारी धडक-यंत्रे दिसतात, बैलगाडीत चीजवस्तू घालून निघालेली कुटुंबे दिसतात आणि सिंहासनावर बसलेल्या सम्राटापुढे कीलाकार लिपीत लाखीशचे नाव दिसते. तट चढण्यासाठी अश्शुरी फौजेने रचलेला दगडमातीचा उतार लाखीशच्या टेकडीला लागून आजही उभा आहे.

दोन नोंदी जुळतात, एवढ्यावर हा मुद्दा संपत नाही. इ.स.पू. ६१२ मध्ये निनवे पडले आणि हे सारे ढिगाऱ्याखाली गेले. कीलाकार लिपी पुन्हा वाचता येऊ लागली ती थेट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. हिब्रू बायबलची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी संपूर्ण प्रत इ.स. १००८ ची, म्हणजे स्वारीनंतर सतराशे वर्षांनी लिहिलेली. मधल्या नकलकारांपैकी कोणालाही तो स्तंभ पाहून आकडा जुळवून घेणे शक्य नव्हते. तरी तीसचे तीसच राहिले. सन्हेरीबाच्या शेवटाचेही तसेच. मुलांनी त्याचा खून केला असे सांगताना बायबल एकाचे नाव अद्रम्मेलेक देते. एका अश्शुरी पत्राचा अर्थ लावून अश्शूरचे अभ्यासक सिमो पारपोला यांनी १९८० मध्ये दाखवले की मारेकरी मुलगा अर्दा-मुलिस्सू होता. परक्या राजघराण्यातले हे नाव परक्या भाषेत झिजले खरे, पण ओळख पटण्याइतके टिकले.

यावर कोणी म्हणेल, चांदीचे काय? अश्शुरी नोंदीत ती आठशे किक्कार आहे. हा फरक खराच आहे आणि त्याच्या कारणांवर अभ्यासकांचे एकमत नाही. पण सगळेच आकडे तंतोतंत जुळले असते, तर एकाने दुसऱ्याचे उतरवून घेतले असा संशय याच टीकाकारांनी घेतला असता. देवदूताने एका रात्रीत १,८५,००० सैनिक मारल्याची कथा पुरातत्त्वाच्या कक्षेबाहेरची आहे. ती मानणे न मानणे हा श्रद्धेचा प्रश्न. यरुशलेम पडले नाही, ही गोष्ट मात्र सन्हेरीबाच्या वृत्तान्तावरूनही दिसते. ४६ नगरांची बढाई मारणारा सम्राट राजधानी जिंकल्याचा दावा कुठेच करत नाही. उरला पक्षपात. हिज्कीयासारखा राजा यहूदात झाला नाही, असे अठरावा अध्यायच म्हणतो आणि लगेच त्याची शरणागती व मंदिराची दैनाही सांगतो. केवळ स्तुती करायला बसलेल्या लेखकाने एवढे तरी गाळले असते.

याचा अर्थ बायबलमधील प्रत्येक प्रसंगाला असा पुरावा आहे, असा नाही. पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यन यांनी १९५० च्या दशकात, यहोशवाने जिंकल्याचे बायबल सांगते ते यरीहो खणले, तेव्हा यहोशवाचा म्हणून सर्वसाधारणपणे मानल्या जाणाऱ्या काळात तिथे तटबंदीचे शहर असल्याचा पुरावा मिळाला नाही. बायबलची बाजू मांडणाऱ्याने हे दडवू नये. पण बायबल ही अनेक शतकांत, अनेक हातांनी लिहिलेली पुस्तके आहेत. त्यातल्या एका पुस्तकावरचा प्रश्न दुसऱ्या पुस्तकाची साक्ष रद्द करत नाही. मराठी वाचकाला हा न्याय ठाऊक आहे. बखरीत भवानीचा दृष्टान्त येतो, म्हणून अफझलखानाचा वध झालाच नाही, असे कोणी म्हणत नाही. आपण बखर समकालीन कागदांशी ताडून पाहतो आणि टिकेल ते ठेवतो. बायबलसाठी सवलत नको, हीच कसोटी हवी. ती लावली तर राजांच्या पुस्तकाला दंतकथा म्हणून बाजूला सारता येत नाही. ज्यांना ते तरीही सारायचे आहे, त्यांनी निनवेच्या ढिगाऱ्यातले तीस किक्कार सोने यरुशलेमच्या पुस्तकात कसे आले, ते आधी सांगावे.