देवाचा गौरव आणि धर्मग्रामाचा हिशेब

रोम येथे भरलेल्या सिनडच्या सोळाव्या सर्वसाधारण सभेने २६ ऑक्टोबर २०२४ रोजी आपला अंतिम दस्तऐवज संमत केला. पोप फ्रान्सिस ह्यांनी त्यावर स्वतःचे वेगळे पत्र न लिहिता तोच दस्तऐवज ख्रिस्तसभेच्या हाती सोपविला. २१ एप्रिल २०२५ रोजी ते देवाघरी गेले. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे ह्यांनी ही वाटचाल पुढे चालू ठेवली आहे. ऑक्टोबर २०२८ साठी रोममध्ये एक संमेलन ठरले असून तोवर ह्या दस्तऐवजाची अंमलबजावणी स्थानिक पातळीवर व्हावी अशी अपेक्षा आहे. 'सिनड हा बिशपांचा विषय, आपला त्याच्याशी काय संबंध?' असा प्रश्न मिस्सा आटोपल्यावर मंदिराच्या पायऱ्यांवर ऐकू येतो. त्या प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रत्येक मिस्साबलिदानात आपण देवाचा गौरव गातो. हिब्रू भाषेत गौरवासाठी 'काबोद' हा शब्द आहे आणि त्याच्या मुळाशी वजनाचा, जडपणाचा अर्थ आहे. आपल्या मराठीतील 'गौरव' हा शब्दही 'गुरु' म्हणजे जड ह्या शब्दापासूनच आला आहे. ज्याला वजन आहे, जे वाऱ्याने उडून जात नाही, त्याला गौरव आहे. मंदिरावरील रोषणाई, सणाची मिरवणूक, बँडबाजा ह्यांना आनंदाच्या प्रसंगी स्थान आहेच. परंतु त्यांनी समूहाला वजन येत नाही. योहानाच्या शुभवर्तमानातील सतराव्या अध्यायात प्रभू येशू पित्याजवळ प्रार्थना करताना आपल्याला मिळालेला गौरव शिष्यांना दिल्याचे सांगतो आणि त्याचे कारणही सांगतो: त्यांनी एक व्हावे. म्हणजे ख्रिस्ती समूहाचे वजन त्याच्या ऐक्यात तोलले जाते.

आरंभीच्या ख्रिस्तसभेलाही हे सहजासहजी जमले नव्हते. करिंथ येथील श्रीमंत भाविक प्रभुभोजनासाठी जमत असताना आधीच पोटभर खाऊन घेत आणि गरीब उपाशी राहत. संत पौलाने त्यांना खडसावले की, हे प्रभूचे भोजनच नव्हे. जेरुसलेममध्ये तर रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत असल्याची तक्रार उठली. प्रेषितांची कृत्ये ह्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात संत लूकने ती लपवून ठेवलेली नाही. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प बसविले नाही. त्यांनी सर्व समुदायाला बोलाविले आणि सात जण निवडावयास सांगितले. त्या सातांची नावे पाहिली तर ती सर्व ग्रीक आहेत. ज्यांची उपेक्षा होत होती, बहुधा त्यांच्याच लोकांच्या हाती वाटपाची व्यवस्था दिली गेली! त्यानंतर लूक नमूद करतो की, देवाचे वचन पसरत गेले आणि पुष्कळ याजकांनीही विश्वासाचा स्वीकार केला. समूहाने आपला व्यवहार सुधारला आणि त्या व्यवहाराने साक्ष दिली.

आता आपल्याकडे वळू या. १९९८ साली मुंबई महाधर्मप्रांतातून वसई धर्मप्रांत वेगळा झाला, तेव्हापासून वसईचे रूप पार पालटले आहे. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक भरली. केळीच्या बागा आणि पानमळ्यांच्या शेजारी इमारती उभ्या राहिल्या. त्यांत राहावयास आलेल्यांमध्ये कोकणी, तमिळ, मल्याळी बोलणारे आपले कॅथलिक बंधुभगिनीही आहेत. कित्येक वर्षे रविवारच्या मिस्साला येऊनही 'बाहेरचे' ही त्यांची ओळख पुसली जात नाही. पालकीय मंडळावर त्यांच्यापैकी किती जण आहेत? सणाच्या वर्गणीसाठी त्यांचे दार ठोठावणारे आपण त्यांच्या घरच्या अंत्यविधीला किती जातो? जेरुसलेमच्या विधवा आज आपल्याच धर्मग्रामात, तिसऱ्या मजल्यावर राहत आहेत.

दुसरी कसोटी अधिक जवळची आहे. जमिनीला सोन्याचा भाव आला आणि सख्खे भाऊ न्यायालयाच्या दारात उभे राहिले. मी एका धर्मग्रामात असताना दोन भाऊ दर रविवारी एकाच मिस्साला येत. एक वेदीच्या उजव्या अंगाला बसे, दुसरा डाव्या. शांतीची खूण देताना दोघेही पाठच्या बाकाकडे वळत. बांधाचा वाद होता. सर्व गावाला ते ठाऊक होते, मलाही होते, आणि आम्ही सारे पाहूनही न पाहिल्यासारखे करीत होतो. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करण्याची प्रभूची आज्ञा मी त्याच वेदीवरून वाचली होती. धाकटा अकस्मात वारला तेव्हा थोरला शवपेटीजवळ बराच वेळ उभा राहिला. तोवर मध्यस्थी करण्यास कोणी पुढे आले नव्हते, मीसुद्धा नाही. ही खंत मला आजही आहे. गावातील वडीलधारी माणसे आणि धर्मगुरू ह्यांनी मिळून वेळीच बैठक घडवून आणणे हीदेखील उपासनाच होय.

तिसरी कसोटी पैशाची. १९८३ च्या धर्मविधीसंहितेने प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती बंधनकारक केली आहे आणि भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यावा असेही सांगितले आहे. सिनडच्या दस्तऐवजाने पारदर्शकता आणि उत्तरदायित्व ह्यांवर भर देऊन वार्षिक आर्थिक अहवाल प्रसिद्ध करण्याची अपेक्षा पुन्हा मांडली आहे. मी प्रमुख धर्मगुरू झालो तेव्हा पहिल्याच वर्षी मिस्सा संपता संपता सगळे आकडे भरभर वाचून मोकळा झालो. बाजारात भाजी विकणाऱ्या एक वृद्ध बाई नंतर भेटून म्हणाल्या, 'फादर, पैसे किती गेले ते सांगितलंत, माल काय घेतला ते नाही सांगितलंत.' पुढच्या वर्षापासून जमाखर्चाचा तक्ता फलकावर लागला आणि शंका विचारण्यासाठी एक संध्याकाळ राखून ठेवली.

'असे सारे उघड केले तर चारचौघांत अब्रू जाईल' अशी भीती काही ज्येष्ठ मंडळी व्यक्त करतात. त्यांची कळकळ खरी आहे. आपला समाज अल्पसंख्य आहे आणि बोट दाखविणाऱ्यांची वाण नाही. परंतु झाकलेले भांडण आणि न सांगितलेला हिशेब गावाला आधीच माहीत असतो. अब्रू जाते ती झाकण्याच्या धडपडीत. जेरुसलेमच्या ख्रिस्तसभेची तक्रार दोन हजार वर्षे जगभर वाचली जात आहे. तिने त्या सभेची शोभा उणी झाली नाही, कारण तक्रारीपाठोपाठ तिचे निवारणही लिहिलेले आहे.

म्हणून २०२८ च्या संमेलनाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. पालकीय मंडळाच्या पुढच्या सभेत तीनच प्रश्न विषयपत्रिकेवर घ्यावेत: आपल्यातील कोणाचा आवाज येथे पोहोचत नाही? कोणत्या दोन घरांमध्ये समेट घडविण्यासाठी आपण जाऊ शकतो? आणि ह्या वर्षीचा हिशेब लोकांना समजेल अशा शब्दांत केव्हा मांडणार? उत्तरे सभेच्या वृत्तान्तात लिहावीत, जबाबदारी कोणाची तेही लिहावे आणि वर्षभराने तोच कागद पुन्हा उघडावा. त्यानंतरच्या रविवारी गौरवगीत गाताना आपल्या आवाजाला थोडे अधिक वजन आलेले असेल.