विजेचाही काटा तपासा

उसाच्या काट्यापाशी आपला सभासद कसा डोळ्यांत तेल घालून उभा राहतो! ट्रॉली काट्यावर चढली की पावती हातात पडेपर्यंत गडी हलत नाही. ते योग्यच आहे. पण चिपाडावर सहवीज करून जी वीज बाहेर विकतात, तिच्या मापाबद्दल सर्वसाधारण सभेत कोणी उठून विचारल्याचे आम्हांस आठवत नाही. वास्तविक तोही काटाच. समजा, हंगामात १ कोटी युनिट विकली आणि मापात अर्धा टक्का घट आली, तर ५० हजार युनिटचे पैसे गेले. ते शेवटी ऊसदरातूनच जाणार की नाही?

तारेतला शेकडो अँपिअरचा प्रवाह थेट मीटरमध्ये सोडता येत नाही. म्हणून मध्ये करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे 'सीटी', बसवतात. लोखंडी गाभा नि तांब्याचे वेढे यांच्या जोरावर तो मोठ्या प्रवाहाची १ किंवा ५ अँपिअरची नक्कल करून देतो. खरे माप या नकलेवर ठरते.

आता हेच काम काचेच्या तंतूने होऊ लागले आहे. चुंबकीय क्षेत्रातल्या काचेतून प्रकाश गेला की त्याच्या कंपनाची दिशा वळते, हे मायकेल फॅरडे यांनी १८४५ साली दाखवले. तारेत प्रवाह आला की भोवती चुंबकीय क्षेत्र आलेच. तेव्हा तारेभोवती तंतूचे वेढे घालायचे, प्रकाश सोडायचा आणि तो किती वळला ते पाहायचे, झाले माप! तेल नाही, लोखंड नाही. शिवाय साध्या सीटीला न जमणारा डीसी प्रवाहही मोजता येतो. आपल्या विदर्भातून निघणारी चंद्रपूर-पडघे ही ५०० किलोव्होल्टची लाईन १९९९ पासून डीसीवरच आहे. अॅल्युमिनियमच्या कारखान्यांत तर लाखो अँपिअर डीसी या युक्तीने मोजतात.

मग आपणही आणावे काय? आमचे मत, आज नको. तिरोड्याच्या ३३०० मेगावॅटच्या केंद्रातून ७६५ किलोव्होल्टच्या लाईन निघतात; तसल्या ठिकाणी हा विचार शोभतो. तंतूही उष्णतेने, हादऱ्याने बिचकतो. त्याला सांभाळणारी यंत्रणा महाग, आणि ती बिघडली तर दुरुस्त करणारा गोंदियात कोठून आणायचा?

आपल्याला चांगला सीटी पुरे. मात्र तो '०.२एस' वर्गाचा हवा. नुसत्या ०.२ वर्गाच्या सीटीला प्रवाह ५ टक्क्यांवर उतरला असता पाऊण टक्का चूक माफ असते. 'एस'वाल्याला तेथे ०.३५ टक्केच. हंगामाच्या आरंभी नि अखेरीस वीज कमी जाते, तेव्हा हा फरक नडतो.

सीटी आणि मीटर यांची चाचणी कोणत्या तारखेला, कोणासमोर झाली, चूक किती निघाली, हे वार्षिक अहवालात छापावे. वीज घेणाऱ्याचा मीटर आणि आपला चेक मीटर, दोन्हींचे आकडे दरमहा शेजारी-शेजारी मांडावेत. येत्या सभेत आम्ही हे लेखी मागणार आहोत. अनुमोदनाला कोण उभे राहते ते पाहू.