पंधरा की पाचशे पंचावन्न?

अंबरनाथच्या शिवमंदिरात सेल्फी काढून झाला असेल, तर पुढच्या खेपेला थोडं गणितही करा. मंदिराच्या शिलालेखात शके ९८२ असं साल आहे. त्यातला 'शके' गाळून नुसतं ९८२ वाचलंत, तर मंदिर उगाचच ७८ वर्षांनी म्हातारं होतं. ७८ मिळवलेत की येतं इसवी सन १०६०. दगड तोच, काळही तोच. फक्त मोजायची सुरुवात वेगळी.

असाच एक शब्द गळाला आणि आमच्या घरात रडारड झाली. बदलापूरच्या मावशीला थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन द्यायचं ठरलं. डॉक्टर म्हणाले, "पंधरा देऊ." हातात आलेल्या कागदावर मात्र ५५५! मावशी हादरलीच. "सांगतात पंधरा आणि देणार साडेपाचशे? मला नाही घ्यायचं ते." मी बीएस्सीला, विषय फिजिक्स, पण दोन मिनिटं मलाही काही सुचेना. मग आकड्यापुढची बारीक अक्षरं दिसली. डॉक्टर मिलिक्युरीत बोलत होते, कागद मेगाबेकरेलमध्ये. १ मिलिक्युरी म्हणजे ३७ मेगाबेकरेल. पंधरा गुणिले सदतीस, पाचशे पंचावन्न. औषध तेवढंच!

क्युरी हे जुनं एकक. १९१० मध्ये ते ठरलं तेव्हा माप होतं एक ग्रॅम रेडियमचं. त्यात सेकंदाला साधारण ३७ अब्ज अणू फुटतात. बेकरेल १९७५ मध्ये आलं आणि त्याचा हिशेब एकदम सुटसुटीत: सेकंदाला एक अणू फुटला, की एक बेकरेल. म्हणजे एक क्युरी बरोबर ३७ अब्ज बेकरेल. वर्गात आपल्याला सांगतात, 'क्युरी आता कालबाह्य, एसआय एकक लिहा.' पेपरात ते ठीक आहे. पण पन्नास वर्षं उलटली तरी दवाखान्यात क्युरी जिवंत आहे. कल्याण-बदलापूर पट्ट्यात जागा बघायला जा, मालक गुंठ्यात बोलेल आणि सातबारा हेक्टर-आरमध्ये. तिथे आपण 'गुंठा कालबाह्य' म्हणून घरी परततो का? दोन्ही शिकतो, कारण पैसे आपले असतात. इथे तर जीव आपल्या माणसाचा आहे.

आणखी एक गंमत. तुमच्या-माझ्या शरीरात पोटॅशियम असतं आणि त्यातला थोडासा भाग जन्मतःच किरणोत्सारी. मोठ्या माणसाच्या अंगात त्यामुळे सेकंदाला चार हजारांच्या वर अणू फुटतात. 'चार हजार बेकरेल!' असा मथळा आला तर आपण घाबरू. 'एक मायक्रोक्युरीचा दहावा भाग' म्हटलं तर कुणी ढुंकूनही बघणार नाही. गोष्ट एकच. म्हणूनच अणुभट्टीच्या बातमीत 'अब्जावधी बेकरेल' वाचून फॉरवर्ड करण्याआधी सदतीसने भागून बघा. अर्थात, आकडा लहान झाला म्हणून धोका लहान होत नाही. क्युरी आणि बेकरेल फक्त किती अणू फुटतात ते सांगतात. शरीराला किती झळ पोचली, त्याचं माप वेगळं: आधी रेम, आता सीव्हर्ट. १ सीव्हर्ट म्हणजे १०० रेम.

आणि तारीख विसरू नका. हे आयोडीन साधारण आठ दिवसांत निम्मं होतं. आजचे पंधरा मिलिक्युरी पुढच्या आठवड्यात साडेसात. म्हणून एककाशिवाय आणि तारखेशिवाय आकडा म्हणजे नुसती अफवा.

माझं म्हणणं साधं आहे. रुग्णाच्या हातात पडणाऱ्या कागदावर दोन्ही एककं छापावीत, शाई काही फार जात नाही. आपल्याच वाशीतल्या 'ब्रिट'मधून हे आयोडीन देशभरच्या रुग्णालयांत जातं. मग ते घेणाऱ्या मावशीला त्याचं माप कळायला नको? आणि तोवर ते काम तुमचं. घरात आकडा आला, की विचारायचं, "कशात?"

मावशीने त्या दिवशी औषध घेतलं. आता भाजीवाल्याने 'वीस' म्हटलं तरी ती विचारते, "पाव की किलो?"