कीटकनाशकांची विषबाधा : आपल्या लेखणीची जबाबदारी

आपल्या भागातील शेतकरी कीटकनाशकाला 'औषध' म्हणतो. कपाशीवर औषध मारायचे असते, केळीच्या बुंध्याशी औषध टाकायचे असते. आणि अपरात्री दवाखान्याच्या दाराशी जीप थांबून कोणी "याने औषध घेतले हो" असे म्हणाला, की त्याचा अर्थ आपणा सर्वांस तत्काळ कळतो. ज्या शब्दावर आपली उपजीविका चालते तोच शब्द विषालाही लावला जावा, ही विसंगती मला नेहमी खटकत आली आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका शेतमजुराचा चार वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला. फवारणीनंतर उरलेले औषध शीतपेयाच्या बाटलीत ओतून झोपडीत ठेवले होते. मुलाने ते सरबत समजून प्यायले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, तोंडाला फेस, छातीत घरघर. रात्रभर अ‍ॅट्रोपिन दिले आणि सुदैवाने मूल वाचले. केसपेपरवर मात्र मी 'अज्ञात विषबाधा' असे लिहून मोकळा झालो. द्रव्य कोणते, ते घरात कसे आले, बाटली कोणी भरली, यांपैकी काहीही नोंदवले नाही. मूल वाचल्याच्या समाधानात ही चूक कित्येक वर्षे माझ्या ध्यानीही आली नाही.

ती ध्यानी आणून दिली यवतमाळने. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना त्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. डोक्यापर्यंत वाढलेली कपाशी, दोन-तीन रसायनांचे एकत्र मिश्रण, उघडे अंग, वाऱ्याची दिशा, अशा कारणांची चर्चा पुढे पुष्कळ झाली. परंतु रुग्ण आठवड्यामागून आठवडे येतच होते; राज्यभर गवगवा झाला तेव्हा ऑक्टोबर उजाडला होता. प्रत्येक डॉक्टरने आपल्यापुढचा रुग्ण पाहिला. साथ कोणी पाहिली नाही. जे नोंदले जात नाही, ते मोजले जात नाही. आणि जे मोजले जात नाही, त्यावर उपाय होत नाही.

हे काम कृषी खात्याचे आहे, असे काही स्नेही म्हणतात. मला ते मान्य नाही. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑनने दूषित झालेल्या अन्नामुळे शंभराहून अधिक माणसे मेली, आणि त्यातून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. त्याच कायद्याच्या २६ व्या कलमानुसार विषबाधेची प्रत्येक घटना कळविण्याचे बंधन राज्य शासन अधिसूचनेद्वारे घालू शकते. म्हणजे नोंदीचे महत्त्व कायद्याने तेव्हाच ओळखले होते. श्रीलंकेने १९९५ मध्ये मोनोक्रोटोफॉस व मेथामिडोफॉस आणि १९९८ मध्ये एन्डोसल्फान बंद केले. पुढील दशकात तेथील आत्महत्यांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. कोणते द्रव्य माणसे मारते हे ठाऊक असल्याखेरीज असे निर्णय घेता येत नाहीत.

केवळ बंदी कागदावर असून भागत नाही, हेही खरे. मोनोक्रोटोफॉस आपल्याकडे भाजीपाल्यावर वापरण्यास २००५ पासून मनाई होती. तरी २०१३ मध्ये बिहारातील गंडामन गावी त्याच विषाने दूषित झालेले माध्यान्ह भोजन जेवून २३ शाळकरी मुले मरण पावली. वजनाच्या मानाने मूल मोठ्यांपेक्षा अधिक हवा, पाणी व अन्न घेते. विष निष्प्रभ करणारी विकरेही तान्ह्या बाळात अपुरी असतात. म्हणून पहिली किंमत मूलच मोजते.

यात शेतकऱ्यास दोष देऊन आपण सुटू शकत नाही. कर्ज काढून लावलेली केळी डोळ्यांदेखत करप्याने जाताना पाहणाऱ्यास संयमाचे धडे देणे सोपे आहे. एकही डाग नसलेले फळ बाजारात आपणच मागतो. आणि प्रश्न शेतापुरता उरतही नाही. सातपुड्याकडून तापीकडे झिरपणारे पाणी १६१५ च्या सुमारास कुंडी भंडाऱ्याने या शहरास पाजले. जमिनीखालचे पाणी कसे वाहते हे बुऱ्हाणपूरकरांना निराळे सांगावयास नको. जे वर ओतू, ते कधी ना कधी खाली पोहोचणार.

म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना व भगिनींना तीन विनंत्या आहेत. विषबाधेच्या प्रत्येक रुग्णाबरोबर बाटली किंवा वेष्टन मागवावे आणि द्रव्याचे नाव केसपेपरवर लिहावे. आपल्या संस्थेने या नोंदी एकत्र करून दर हंगामाअखेर जिल्हा आरोग्य व कृषी अधिकाऱ्यांना द्याव्यात. आणि लसीकरणास आलेल्या प्रत्येक आईला एक प्रश्न विचारावा : "बाई, घरात फवाऱ्याचे औषध कुठे ठेवता?" ते मूळ डब्यातच, कुलुपात असावे आणि रिकामा डबा पाण्याला वा तेलाला कधीही वापरू नये, एवढे सांगण्यास अर्धे मिनिट पुरते.

समाजबांधवांनीही आपापल्या शेतावरील मजुरांना हातमोजे व मुखपट्टी द्यावी, आणि फवारणीच्या वेळी मुलांना शेतात आणू देऊ नये.

त्या रात्री मी एक रकाना रिकामा सोडला होता. आपण सर्वांनी मिळून तो भरावा, एवढीच प्रार्थना.