चाळिशीच्या आधीचे डोळे

बंगळूरजवळच्या आनेकल तालुक्यात बोम्मसंद्रा, जिगणी, अत्तिबेले या औद्योगिक वसाहती आहेत. तेथे सर्किट बोर्डावर सोल्डरिंग करणारे आणि शिलाई यंत्रापुढे बसणारे हात मोठ्या संख्येने विशी-पंचविशीतले आहेत. भरतीच्या वेळी त्यांची नजर तपासली गेलीच, तर ती सहसा भिंतीवरच्या तक्त्यावर. सहा मीटरवरून शेवटची ओळ वाचली की ‘नजर उत्तम’ हा शेरा! पण काम सहा मीटरवर नसते. ते वीतभर अंतरावर असते.

जवळचे स्पष्ट दिसावे म्हणून डोळ्यातील स्नायू भिंगाची वक्रता वाढवतो. या ताकदीला समायोजन क्षमता म्हणतात. ती मोजायला महागडे यंत्र लागत नाही. आरएएफ पट्टी नावाची साधी मोजपट्टी गालाला टेकवतात, एक डोळा झाकतात आणि बारीक अक्षरांची चकती हळूहळू जवळ आणतात. अक्षरे पुसट झाली ते अंतर सेंटिमीटरमध्ये घेऊन 100 ला त्याने भागले की उत्तर डायॉप्टरमध्ये मिळते. हॉफस्टेटर यांच्या प्रसिद्ध सूत्रानुसार विसाव्या वर्षी ते किमान 10 असावे. म्हणजे अक्षर 10 सेंटिमीटरपर्यंत स्पष्ट दिसले पाहिजे.

आता हिशेब पाहा. 20 सेंटिमीटरवरच्या कामाला 5 डायॉप्टर लागतात. निम्मी ताकद शिल्लक राहिली तरच डोळा दीर्घकाळ सुखाने काम करतो, असा नेत्रतज्ज्ञांचा ढोबळ नियम आहे. ज्या मुलीची क्षमता 7 भरते, ती त्यातली 5 पाळीभर खर्च करते. मग डोके दुखते, मान वर करताच समोरचे धूसर दिसते, आणि चूक झाली की मुकादम म्हणतो, लक्ष नाही!

1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 17 मध्ये डोळ्यांवर ताण येईल अशा सावल्या टाळण्याची तरतूद होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून श्रमसंहिता लागू झाल्या. वार्षिक मोफत आरोग्य तपासणीची हमी सरकारने जाहीर केली ती मात्र चाळिशीपुढील कामगारांसाठी. चाळशी लागण्याच्या वयाला तपासणी सुरू होणार! तोवर विशीतल्या कामगाराने काय करावे?

एक धोका आम्ही आधीच सांगून ठेवतो. मोजणी व्यवस्थापनाच्या हाती गेली, तर कमी आकडा म्हणजे कंत्राटी कामगाराला घरी बसवण्याचे निमित्त ठरेल. म्हणून नोंद डॉक्टर आणि कामगार यांच्यातच राहिली पाहिजे. कमी आकड्यावर उपायही असतात: योग्य चष्मा, टेबलावर भिंग, नीट लावलेला दिवा, दर तासाला थोडी विश्रांती, कामाची अदलाबदल.

सीप्झ, भोसरी, चाकण येथील आमच्या बंधू-भगिनींचे कामही याच जातीचे आहे. पुढच्या मागणीपत्रात वयाची अट न घालता ही मोजणी मागावी; आणि ती पाळीच्या सुरुवातीला व शेवटी, अशी दोनदा व्हावी. सकाळच्या ताज्या डोळ्याचा एकटा आकडा व्यवस्थापनाच्याच सोयीचा असतो.