मंग मी कुठं बसू?

आमच्या कासूत आता जुनी गाडी अख्खी दिसणं अवघड झालंय. आरएक्स हंड्रेड असो नाहीतर स्प्लेंडर, मागनं कापलेली. मडगार्ड नाही, साडीगार्ड नाही, मागचे फुटरेस्ट नाहीत आणि नंबरप्लेट आभाळाकडं तोंड करून. पोरं याला 'मॉडिफाय' म्हणतात. मी याला शेपूट तोडलेलं जनावर म्हणतो. म्हाताऱ्याची कुरकुर म्हणून कुणी पान उलटणार असेल तर त्यानं जरा थांबावं. मला सांगायचं आहे ते वेगळंच आहे.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला नातू म्हणाला, "आजोबा, गाडीचं जरा काम करून आणू?" मी हो म्हटलं. माझी स्प्लेंडर १९९७ ची, काम निघणारच. चार दिवसांनी गाडी अंगणात आली ती एकट्याच्या सीटची. आमच्या हिला पेणला डोळे दाखवायला जायचं होतं. ती पिशवी घेऊन बाहेर आली, गाडीभोवती एक फेरा मारला आणि म्हणाली, "मंग मी कुठं बसू रं?"

पोरगा हसला. मला हसू आलं नाही.

त्याच्याकडं कारणं तयार होती. वजन कमी होतं, गाडी पळते, लुक येतो. इंग्लंडात पूर्वीपासून असंच करतात म्हणे. ते खरं आहे. १९५०-६० च्या सुमारास तिकडची पोरं हॉटेलाबाहेर जमून शर्यती लावायची, त्यासाठी गाडीचं नको ते सगळं काढून टाकायची. पण त्यांना मागं आजी न्यायची नव्हती, आणि रस्ता गुळगुळीत होता. आमचा रस्ता म्हणजे मुंबई-गोवा हायवे. चौपदरीकरणाच्या सरकारी कागदावर त्याचे दोन तुकडे, पळस्पे ते कासू आणि कासू ते इंदापूर. म्हणजे दोन्हीकडच्या खड्ड्यांची गाठ आमच्या गावात. २०११ साली काम सुरू झालं तेव्हा हा नातू बालवाडीत होता, आता गाडी कापण्याएवढा झाला. अशा रस्त्यावर मडगार्ड काढलं की चाकाचा चिखल आपल्याच पाठीवर, आणि उरलेला मागून येणाऱ्याच्या तोंडावर.

चालवणाऱ्याचे फुटरेस्टही त्यानं मागं सरकवले होते, म्हणजे टाकीवर ओणवं होऊन बसता येतं. मग गिअरला लांब दांडी लागते, ब्रेकच्या रॉडचं माप बदलतं. ते माप चुकलं की पाय कितीही दाबा, मागचा ब्रेक धरत नाही.

गाडीला हात लावूच नये असं माझं म्हणणं नाही. मी स्वतः दोन्ही बाजूंना अँगल मारून दुधाच्या किटल्या लावत होतो. खारपट्ट्यातली हवा मडगार्डाची कड खाते, तिला दोनदा पत्रा जोडला. हिचा पाय उतरत्या पट्टीवरून निसटायचा म्हणून वेल्डरकडून ती पट्टी चार बोटं रुंद करून घेतली. ते सगळं कुणाला तरी, कशाला तरी जागा करण्यासाठी होतं.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत. त्यातला १२३ वा नियम मागच्या माणसासाठी तीन गोष्टी सांगतो: धरायला मूठ, पाय ठेवायला फुटरेस्ट, आणि मागचं निम्मं चाक तरी झाकेल अशी जाळी, कपडा अडकू नये म्हणून. तो नियम लिहिणाऱ्याची बायको गाडीवर आडवी बसत असणार. २०१९ पासून असा बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड आहे. मालक मी. पण दंडाला भिऊन मी हे लिहीत नाही.

१९८४ साली मी चोवीस वर्षांचा होतो. सेकंडहँड राजदूत घेतली आणि पहिलं काम काय केलं, तर साडीगार्ड खोलून भंगारवाल्याला दिलं. बायकी दिसतं, असं मित्र म्हणाले होते. लावणी आटोपल्यावर थोरल्या वहिनीला माहेराहून आणायला गेलो. नागोठण्याहून येताना तिचा पदर चाकात गेला. मला कळलं ते गाडी एकदम जड झाली तेव्हा. मागं बघतो तर वहिनी रस्त्यावर. उजवा हात कोपरात मोडला, तो पुढं कधी सरळ झाला नाही. ती गेली तोपर्यंत भाकरी डाव्या हातानं थापत होती. दादानं मला शिवी दिली नाही. वहिनीनं तर गावभर सांगितलं, "माझाच पदर सुटला होता." सुटलेला पदर अडवायलाच ती जाळी असते, हे मला तेव्हा कुणी बोललं नाही. ते मी आज नातवाला बोललो, सगळं, भंगारवाल्यासकट. तो खाली मान घालून ऐकत होता. पटलं की नाही, देव जाणे.

गाडीची चावी सध्या माझ्या कमरेला आहे. गॅरेजात जाऊन काढलेला माल परत मागितला. साडीगार्ड मिळालं, वाकडं होतं, ते ठोकून सरळ केलं. मडगार्ड नवं घ्यावं लागलं. मागचे फुटरेस्ट वेल्डिंगला दिलेत, अजून आले नाहीत. तोवर ही पेणला मिनीडोअरनं जाते. भाडं नातू देतो.